कात्रपचा फ्लॅट वगळून

नमो बुद्धाय. जयभीम.

मी, हरिचंद्र सोमा ओव्हाळ, वय एकसष्ट, धर्माने बौद्ध, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फोरमन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे मत असलेली माणसे माझ्याच घरात आहेत, पण त्यांनी मला हे लिहायला भाग पाडलेले नाही की अडवलेलेही नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या इस्पितळात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही, आणि लगेच जबाबदारीच्या कागदावर माझी सही घेतली. त्यांनी आपले कागद नीट केले, तेव्हा मीही माझे करून ठेवतो.

हे माझे दुसरे मृत्युपत्र आहे. पहिले ऑगस्टमध्ये लिहिले आणि मीच फाडले. त्याचा कुठे तुकडा सापडला तर तो रद्द समजावा. का फाडले ते पुढे येईल. माझी सर्व स्थावर आणि जंगम मालमत्ता, कात्रपचा फ्लॅट वगळून, या कागदात आहे.

कलम एक. माझ्या मागे माझी पत्नी सौ. बकुळा, मुलगा धम्मदीप आणि मुलगी संजीवनी एवढी माणसे राहतील. संजीवनी कल्याणला शाळेत शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी, कारण ती कागद शेवटपर्यंत वाचते. धम्मदीप पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. तो हुशार आहे, पण कागद खालून वाचायला लागतो, सही कुठे करायची तिथून. गेली तीन वर्षे त्याचे एकच पालुपद आहे, ‘पप्पा, चार ठिकाणी चार डबडी सांभाळण्यापेक्षा सगळं विकून टाका आणि पुण्यात एक चांगला फ्लॅट घ्या.’ त्या डबड्यांच्या भाड्यावर त्याचे इंजिनीअरिंग झाले, याची नोंद येथे करून ठेवतो. राग नाही. थोडा आहे.

कलम दोन. मालमत्ता ज्याच्या हाती जाईल त्याला माझी पद्धत माहीत असावी. घर विकत घेतले की मी ते लगेच भाड्याने देत नसे. आधी बायकामुलांसह स्वतः राहायला जायचो, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा. पावसाळ्यात कुठली भिंत ओल धरते ते कळते. मे महिन्यात नळाला धार येते की नुसती हवा, ते कळते. बिल्डर सांगत नाही, एजंट सांगत नाही, आणि शेजाऱ्याला त्याचाही फ्लॅट विकायचा असतो म्हणून तोही सांगत नाही. घराची खात्री झाली की पुढचे घर घ्यायचे, तिकडे राहायला जायचे, आणि पारखलेले घर भाडेकरूला द्यायचे. लोक चांगले घर स्वतःला ठेवतात, मी ते भाडेकरूला देत आलो. त्यामुळे माझ्या कुठल्याही भाडेकरूने मला फसवलंत असे म्हटलेले नाही. भाडेकरू सोडून इतर लोक काय म्हणाले ते कलम सातमध्ये आहे.

या पद्धतीपायी संजीवनीच्या शाळा बदलल्या, रेशनकार्डावर खाडाखोड झाली, आणि पोस्टमनने एकदा मला विचारले की साहेब, तुम्ही कुणाचे पैसे बुडवून पळताय का. असो.

कलम तीन. उल्हासनगर, कॅम्प चार येथील बराकीतील खोली, सनदेसह, आणि वरचा मजला जो सनदेत नाही. ही माझी पहिली मालमत्ता. त्याच कॅम्पात माझे वडील सोमा ओव्हाळ भाड्याने राहिले. मालकाला जास्त भाडे देणारा मिळाला की आमची भांडी हातगाडीवर चढत. आई हातगाडीच्या मागून चालायची आणि रस्त्यात कुणी ओळखीचे भेटले तर पाहुण्यांकडे चाललोय असे सांगायची. मी तेव्हाच ठरवले होते की आपल्या नावाचे घर घ्यायचे. एक घेतल्यावर थांबायला हवे होते असे लोक म्हणतात. पण एक घर गेले तर, हा विचार मला कधी झोपू देत नसे. दोन घेतल्यावर दोन्ही गेली तर, हा आला.

ही खोली धम्मदीपला द्यावी. त्याला ती बघायलाही आवडत नाही, म्हणून त्यालाच. वरच्या मजल्याचा नियमित करण्याचा अर्ज दिलेला आहे, निकाल लागेपर्यंत त्यावर एक वीटही चढवू नये. वर रघु नावाचा भाडेकरू जीन्स शिवतो. माणूस सज्जन आहे, भाडे पाच तारखेच्या आत आणून देतो. पण त्याने शिलाईची यंत्रे वरच्या मजल्यावर लावली आहेत आणि ती चालू झाली की खालच्या फळीवरचे डबे वाजतात. जुन्या स्लॅबला तेवढा हादरा सोसत नाही. मी सांगितले की म्हणतो, ‘अंकल, खाली गटाराचं पानी घुसतंय ना, कपडा खराब होतो. वरच सेफ आहे.’ त्याचेही खरे आहे. धम्मदीपने आधी खालचा उंबरा चढवून गटाराचे पाणी बंद करावे, मग यंत्रे खाली आणायला सांगावे. नुसते फोनवरून सांगू नये, जाऊन उभे राहावे. पुण्याहून फोन करून कुठलीही भिंत वाळत नाही.

कलम चार. अंबरनाथ पूर्व येथील दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, शेअर सर्टिफिकेटसह, संजीवनीला. येथे नॉमिनी म्हणून धम्मदीपचे नाव आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने कोणाशी पत्रव्यवहार करावा एवढ्यापुरते ते नाव असते. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे तीन वेळा समजावले, तो तीन वेळा मान डोलावून गेला. चौथ्यांदा संजीवनीने समजावावे. एक मालमत्ता दोघा भावंडांच्या नावावर मी मुद्दाम केलेली नाही. दोघांत एक घर ठेवले की पहिल्या गळतीला बोलणे बंद होते. गच्चीवर वॉटरप्रूफिंग करताना ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये आणि तो चहा प्यायला खाली गेला तर सोबत जावे.

हे कलम लिहिताना मधेच उठून टाकी बघून आलो. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे. टाकी गच्चीवर आहे. बकुळाने माझ्या चपलांकडे बघितले.

कलम पाच. बदलापूर पश्चिम, नदीच्या बाजूचा तळमजल्याचा फ्लॅट. हा मला एजंट हिंदुराव याने विकला. मी विचारले होते, नदीचे पाणी येते का. तो म्हणाला, ‘साहेब, नदी कुठं आन् आपण कुठं!’ एक पावसाळा राहून पाहिले, एक थेंब आला नाही, माझी पद्धत जिंकली. पुढे २००५ च्या जुलैत नदी घरात आली आणि पंख्याच्या खाली हातभर अंतरावर थांबली. तेव्हा तिथे भाडेकरू होते, प्रज्वल आणि त्याची म्हातारी आई. प्रज्वलने आईला पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेले, म्हणून ती वाचली. मी त्यांची अनामत परत केली. सामानाचेही काही दिले. म्हातारीने माझा हात धरून मलाच विचारले की तुमचं किती नुकसान झालं.

पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून आहे. मी तिच्यावर रंग मारू दिलेला नाही. हिंदुराव म्हणतो रंग मारा, चांगला भाव आणून देतो. हा फ्लॅट संजीवनीला. तिने तो ठेवावा किंवा विकावा, पण घेणाऱ्याला आणि भाड्याने राहणाऱ्याला ती रेघ हात लावून दाखवावी आणि त्यानंतरच व्यवहाराचे बोलावे. वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल असलेल्या घराला तो देऊ नये. माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हिंदुरावला अवश्य बोलवावे, त्याला पुढच्या खुर्चीवर बसवावे, आणि जेवायला वाढू नये.

कलम सहा. शिरगाव येथील चौथ्या मजल्याचा फ्लॅट. हा गेल्या वर्षी माझ्या आणि धम्मदीपच्या नावावर घेतला, कारण निवृत्त माणसाला बँक कर्ज देत नाही. माझा अर्धा हिस्सा आणि उरलेले सगळे हप्ते धम्मदीपला. जमिनीचा सातबारा आणि बिनशेतीचा आदेश मी तलाठ्याकडून स्वतः काढून तपासला आहे, तो स्वच्छ आहे. भोगवटा प्रमाणपत्र अजून मिळालेले नाही. बिल्डर दर सणाला मिठाईचा पुडा पाठवतो आणि प्रमाणपत्र पुढच्या सणाला देतो. लिफ्टचा खड्डा आहे, लिफ्ट नाही.

माझा ओळंबा, विजेरी आणि भिंतीवर ठोकून प्लास्टरचा पोकळपणा ऐकायची लाकडी मोगरीही धम्मदीपलाच. तो हसेल. हसू दे. पुण्यातला फ्लॅट घेण्याआधी एकदा वापरून बघ म्हणावे.

कलम सात. आता कात्रपच्या फ्लॅटविषयी, जो या मृत्युपत्रात नाही.

हा फ्लॅट बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये, दुसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही येथे २००२ पासून आहोत. पावसाळा झाला, उन्हाळा झाला, घर निर्दोष निघाले. एरवी आम्ही लगेच हललो असतो, पण पुराने माझे हात बांधले गेले आणि पुढचे घर घ्यायला गेले वर्ष उजाडले. एवढी वर्षे सलग आम्ही कुठेच राहिलो नव्हतो. माझ्या पायांना त्याचा त्रास होत होता. बकुळाला होत नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

या मे महिन्यात मी जाहीर केले की जूनपासून शिरगावला राहायचे, खोकी बांधायला घ्या. बकुळा भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘तुम्ही जा. मी येत नाही.’ मला वाटले दोन दिवसांत येईल. बत्तीस वर्षांत ती एकदाही नाही म्हणालेली नव्हती. मी स्टोव्ह, गादी आणि विजेरी घेऊन रिक्षाने गेलो. शेजारच्या गयाबाईंनी खिडकीतून विचारले, पाहुण्यांकडे चाललात का. मी रिक्षावाल्याला चल म्हणालो.

जून आणि जुलै मी शिरगावला एकटा काढला. पश्चिमेची भिंत गळते, पाणी टँकरचे, आणि तो आला की सगळे बादल्या घेऊन खाली धावतात. बकुळा रोज एका पोराबरोबर डबा पाठवत होती. डब्यात चिठ्ठी नसे. मी कात्रपला फोन करून विचारायचो की तिकडे मोटर वेळेवर चालू करतात का. ती हो म्हणायची. मी विचारायचो, बाकी काय. ती म्हणायची, बाकी काही नाही. जुलैच्या शेवटी भरलेली बादली घेऊन चढताना तिसऱ्या मजल्यावर छातीत कळ आली आणि मी पायरीवर बसलो. पुढचे डॉक्टरांच्या कागदात आहे.

मला कात्रपला आणले. दार उघडले आणि मी बघतच राहिलो. भिंतीवर खिळे ठोकलेले होते. आमच्या घरात खिळा ठोकायला बंदी होती. भिंत भाडेकरूच्या हाती कोरी द्यायची, हा माझा नियम. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आम्ही प्रत्येक घरात ट्रंकेवर टेकवून ठेवत आलो. आता त्या भिंतीवर होत्या, सरळ रेषेत, ओळंब्याशिवाय. शेजारी तिच्या आईचा फोटो होता. तो मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितला, इतकी वर्षे तो ट्रंकेच्या तळाशी होता. मी छातीला हात लावून खुर्चीत बसलो आणि माझ्या तोंडून निघाले, भिंत खराब केलीस. ती पाणी आणायला आत गेली.

ऑगस्टमध्ये, शस्त्रक्रियेचे ठरल्यावर, मी पहिले मृत्युपत्र लिहिले. त्यात कात्रपच्या फ्लॅटचे कलम सर्वात लांब होते. वकिलाच्या पुस्तकातून भाषा उचलली होती. माझ्या पश्चात सदर फ्लॅटचा उपभोग माझी पत्नी हिने तहहयात घ्यावा, तिला तो विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा अधिकार राहणार नाही, तिच्या पश्चात तो दोन्ही मुलांना जावा. मला ते फार छान वाटले. तिची सोय झाली, मालमत्ताही राहिली. रविवारी संजीवनी आली होती, तिला मोठ्याने वाचायला लावले. बकुळा ऐकत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, ‘तुम्ही गेल्यावर माझं. माझ्यानंतर पोरांचं. मग ते माझं असतं कधी?’

मी म्हणालो, राहायला कोण नाही म्हणतंय तुला.

ती म्हणाली, ‘तेच तर. राहायला भाडेकरूलाही कोणी नाही म्हणत नाही. अहो, मी तुमच्या चार घरांत राहिले. तुम्ही प्रत्येक घर बघायला गेलात तेव्हा पुढं कोण भाड्यानं येईल ते बघितलंत. मी येणार आहे, हे एकदा तरी बघितलंत का?’

संजीवनीने कागद खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी उठलो, चपला घातल्या, आणि डॉक्टरांचे न ऐकता रिक्षा करून शिरगावला गेलो. मला राग आला होता. मी हे सगळे कोणासाठी केले? एक घर गेले तर दुसरे, दुसरे गेले तर तिसरे, म्हणजे हातगाडीच्या मागे तिला चालावे लागू नये म्हणूनच ना? तळमजल्यावर वॉचमनच्या स्टुलावर बसून मी ते मनात पुन्हा पुन्हा बोललो. वर जायची हिंमत नव्हती. तेवढ्यात एक नवरा-बायको फ्लॅट बघायला आले. नवरा बिल्डरच्या माणसाला पाण्याचे, पार्किंगचे, भाव चढण्याचे विचारत होता. बायको जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही. ती मला म्हणाली, बाबा, बसा, उठू नका. मी तिला विचारले, तुम्हाला आवडलं का घर? ती घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली.

मी परत आलो आणि पहिले मृत्युपत्र फाडले. मी चुकलो असे मी येथे लिहिणार नाही. मृत्युपत्र म्हणजे कबुलीजबाब नव्हे. पण मरेपर्यंत थांबून द्यायचे, ही देण्याची पद्धत मला आता पटत नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला आम्ही दोघे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन कात्रपच्या फ्लॅटचे बक्षीसपत्र नोंदवून आलो. मृत्युपत्रावर नव्हे, बक्षीसपत्रावर. म्हणजे मी जिवंत असताना, आजपासून, पूर्ण मालकीने, विकायच्या आणि गहाण ठेवायच्या अधिकारासह. कारकून म्हणाला, मावशी, इथे अंगठ्याचा ठसा, इथे सही. बकुळाने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मागे रांग होती. कारकून म्हणाला, साहेबांनी वाचलंय ना. ती म्हणाली, ‘त्यांनी वाचलंय. मी वाचते आहे.’ आणि सगळे वाचूनच सही केली. मला तिचा फार अभिमान वाटला. रांगेची लाजही वाटली. येताना तिने वेताचे मोंढे बघायला बाजारात थांबवले, बाल्कनीत बसायला. आम्ही मोंढे कधीच घेतले नव्हते, हलवताना तुटतात म्हणून.

धम्मदीपला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, पप्पा, मला आधी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, ज्यांचं घर त्यांना विचारलं. या फ्लॅटबाबत त्याने किंवा कोणीही वाद काढू नये. वाद काढायला यात माझे काही उरलेले नाही.

कलम आठ. बँकेतील ठेव, निवृत्तिवेतन आणि भाड्याची शिल्लक बकुळाला. त्यातून तिने कुठलेही घर घेऊ नये, असे मी लिहिणार होतो, पण ते तिचे ती ठरवेल. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा. शस्त्रक्रियेतून वाचलो तर शिरगावची पश्चिमेची भिंत मी स्वतः उभा राहून करून घेईन. पण राहायला जाणार नाही.

कलम नऊ. बक्षीसपत्र झाल्यावर मी बकुळाला विचारले की मी कुठे राहावे. ते विचारणे भाग होते, कायद्याने आता मला येथे हक्क नाही. ती म्हणाली, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिने अटी सांगितल्या. गिऱ्हाईक किंवा एजंट घरात आणायचा नाही. भिंती ठोकून बघायच्या नाहीत. नवीन घराचे नाव काढायचे नाही. मला तिन्ही मान्य आहेत. ऑपरेशनहून येथेच यायचे ना, असेही मी विचारले. ती म्हणाली, ‘मग कुठं जाणार? खुर्ची खिडकीशी लावून ठेवते.’ माझी भीती थोडी कमी झाली. पूर्ण गेलेली नाही.

हे मी कोणाच्या दडपणाखाली न येता लिहिले, वाचले आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांना यातून काहीही मिळणार नाही, चहा सोडून. चहा मालकिणीने केला.

सही : हरिचंद्र सोमा ओव्हाळ

साक्षीदार १ : अनंता बाळू भोईर, तळमजला, याच इमारतीत
साक्षीदार २ : श्रीमती गयाबाई किसन साळवे, शेजारी

दिनांक : १४ सप्टेंबर २००८

ठिकाण : सौ. बकुळा हरिचंद्र ओव्हाळ यांचे घर, दुसरा मजला, कात्रप, बदलापूर (पूर्व).
लिहून देणार यांचा पत्ता : वरीलप्रमाणे, त्यांच्या परवानगीने.